चौदा जणींचं एकच नाव

मी लिंक बोलतेय. अमडापूरच्या हरिओमनं आपल्या कृषी केंद्राची वेबसाइट काढली, तिच्यावरच्या चौदा जणींपैकी मी अकरावी. माझ्या पोटात गुलाबी बोंडअळीची माहिती होती: तिचे पतंग वासानं भुलवून पकडणारे कामगंध सापळे कधी, किती आणि कसे लावायचे. नाव मात्र सगळ्यांना एकच दिलं, ‘येथे क्लिक करा’.

हरिओमच्या आजोबांचं नाव उकंडराव. आधीची पोरं जगेनात म्हणून त्यांना उकिरड्यावर लोळवून ते ठेवलेलं. म्हणजे त्या नावातसुद्धा आईचा जीव अडकलेला होता. आमचं बारसं हरिओमनं चहा पिता पिता उरकलं. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

वर ‘गुगलवर आपली साइट दिसतच नाही’ म्हणून हाच कुरकुरायचा. दिसेल कशी? शोधणारं यंत्रही नावावरून ओळखतं. मी मनात म्हणायचे, भोग आता.

पण भोगलं भलत्यानंच. त्याच्या काकू पुष्पाबाईंना दिसत नाही, तरी तीन एकर बीटी कपाशी त्या स्वतः करतात. घरचं वर्ष त्याच कपाशीवर निघतं. त्या साली शेजारच्या वावरात अळी निघाली, तशा त्या हरिओमकडे गेल्या.

“काकू, सबन वेबसाइटवर टाकलं हाये. पाहून घ्या न.”

पाहून घ्या म्हणे! वाचून दाखवणारा फोन त्यांनी कानाशी धरला. ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ एवढंच ऐकू आलं. एकीवर बोट टेकवलं तर पंपाची जाहिरात, दुसरीवर दुकानाच्या सुट्ट्या. सहावीनंतर त्यांनी फोन ठेवून दिला. सापळ्यांची वेळ निघून गेली आणि बोंडं फुटली ती किडकीच.

मग त्या भर गर्दीत दुकानात आल्या आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवला. आम्ही चौदाही जणी ओळीनं ओरडलो. गिऱ्हाईकं हसायला लागली.

“सांग बे, बोंडअळी कोन्या ‘येथे’त हाये?”

हरिओमनं घाईनं बोट टेकवलं. पंप निघाला. पुन्हा टेकवलं, सुट्ट्या निघाल्या. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

त्याच दिवशी माझं नाव बदललं: ‘गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे लावावेत’. आता शोधणाऱ्याला मी सापडते. तुमचीही वेबसाइट असेल तर लिंकला धड नाव द्या, नाहीतर लोक तुम्हाला नावं ठेवतील.

संध्याकाळी हरिओम फोन घेऊन काकूंच्या चुलीपाशी आला आणि माझं नाव वाजवून दाखवलं.

“काकू, आता तं नाव देलं न?”

“हाव, देलं.” वावरातून उपटलेली कपाशीची पऱ्हाटी मोडून त्यांनी चुलीत सारली. “पन हे पऱ्हाटी आता बोंडं देनार हाये का?”

त्यानं फोन बंद करायला घाईनं बोट टेकवलं. त्याच्याच हातातून मी माझं नाव पुन्हा एकदा मोठ्यानं ऐकवलं.