यादीच्या तळाचा शिक्का

ताई गुरुवारी सकाळी गेली. पण ते झालंच नाही असं धरून पुढे जाऊ.

तर सोमवारी ताई पलंगावर उठून बसली होती आणि झॉम्बी हाडं चावतात तेव्हा कसा आवाज येतो, ते नर्सला करून दाखवत होती. भयकथांतही तिला फक्त झॉम्बी लागायचे. भुतं आळशी वाटायची. "भूत नुसतं पडदे हलवतं. झॉम्बी बिचारा पाय ओढत का होईना, स्वतः येतो."

मी वाचनालयात नोकरीला. भयकथांच्या वाचकांसाठी शिफारशींची यादी करणं माझ्याकडे. तीन वर्षांत ती एकाच वाचकाने मागितली, तोही माझ्याच घरातला: ताई.

डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी ताईने जाहीर केलं, "यादी संपल्याशिवाय मी कुठे जात नाही."

मी कामाला लागलो. वाचनालयात झॉम्बींची पुस्तकं अकराच, ती तिने तीन आठवड्यांत फस्त केली. बारावं मी मनानेच रचलं: मेलेली माणसं उठतात, पण आधी शिस्तीत रांग लावतात. तेरावं: सगळे झॉम्बी शाकाहारी निघतात आणि भाजीवाल्यांची पळापळ होते.

"हे कुठाय रे?"

"दुसऱ्या वाचकाकडे गेलंय."

"आणि हे चौदावं?"

"त्याच्याकडेच. हावरट आहे मेला."

"लबाडा," ताई म्हणाली, "माझा नंबर लावून ठेव."

लावला. वीस पुस्तकं झाली. एरवी मी कच्चा कागदच न्यायचो, पण आता तिला माझं अक्षर लागेना. म्हणून बुधवारी एकविसावं सुचल्यावर अख्खी यादी मोठ्या अक्षरांत छापून घेतली. आमच्याकडे छापील यादी टेबलावरून उठली की तळाशी शिक्का बसतो: 'यादी पूर्ण'. मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून. हात सवयीने चालतो. शिक्का मारलाय हे मला तिचं बोट तिथे थांबलं तेव्हा कळलं.

"संपली होय?"

"नाही गं, तो नुसता शिक्का आहे. सगळ्यांवरच मारतो."

"असू दे." तिने कागदाची नीट घडी घातली. "दमलास ना रे माकडा?"

मी नाही म्हणालो. जरा उशिराच म्हणालो.

पुढचं काही झालेलं नाही, हे वर ठरलंच आहे. शुक्रवारी मी ग्रंथपालसाहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला:

'महोदय, भयकथा विभागाच्या यादीवर माझ्याकडून नजरचुकीने शिक्का मारला गेला आहे. सदर शिक्का बुधवार सकाळपासून रद्द समजण्यात यावा, यादीत बाविसावे पुस्तक जोडण्यास परवानगी मिळावी, आणि तसे संबंधित वाचक निघण्यापूर्वी त्यांना कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.'