इग्नातच्या दिवशी फाटकाबाहेर

माझ्या सासऱ्यांनी मला डुकराची चरबी खाऊ घातली, ती घोटलेल्या घेवड्यातून.

लग्नानंतरचा तो पहिलाच इग्नात होता, नाताळाच्या तोंडावरचा डुक्कर मारायचा दिवस. डुक्कर कापून झालं, मदतीला आलेले शेजारी जेवायला बसले, त्यांच्यात पाद्रीबाबाही होते. सासूबाईंनी माझ्यापुढे घेवडा ठेवला. लसूण घालून घोटलेला, वर लालसर तळलेला कांदा. मी ताट पुसून खाल्लं आणि वर म्हणाले, "आई, असा घेवडा मी कधी खाल्ला नव्हता."

सासरे, म्हणजे पांतेलिमोन, त्याचीच वाट बघत बसले होते.

"कसा खाल्ला असशील, सूनबाई? तेलातला नाहीये तो. चरबीतला आहे. मीच सांगितलं हिला."

अख्खं टेबल हसलं. माझा नवरा सोरिन मान खाली घालून हसला, पण हसला. मी अंगणात जाऊन बर्फात ओकले, आणि आतून हसण्याचा आवाज येत राहिला. त्यानंतर ही गोष्ट सासऱ्यांनी गावात कुठे सांगायची ठेवली नाही. बारशाला सांगितली, बाजारात सांगितली, एका मयतीला तर मी शेजारी मेणबत्ती धरून उभी असताना सांगितली. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, की यांची जिरवायची. कशी, ते माहीत नव्हतं. घाईही नव्हती.

मांस मी शाळेत असतानाच सोडलं. का, ते सांगत नाही. कारण सांगितलं की लोक आपल्याला सोडतात आणि त्या कारणाशी भांडत बसतात. सासऱ्यांना तर भांडायला कारणही लागत नसे.

"देवानं डुक्कर केलं कशाला मग? शोभेला?"

"बाबा, नाताळाआधी चाळीस दिवस तुम्हीही घेवडा न् बटाटेच खाता. मेलात का?"

"तो उपास आहे. तो देवासाठी. तू कुणासाठी करतेस?"

"डुकरासाठी."

"मग त्यालाच सांग तुला पोसायला."

आणि गंमत बघा, इग्नात येतो त्याच उपासात. देवासाठी चाळीस दिवस पाळायचे आणि मधेच एक दिवस अंगणात बसून तव्यावरचं गरम मांस हाणायचं. पाद्रीबाबाही तेवढ्यापुरतं आकाशाकडे बघतात.

आमच्याकडे एक रीत आहे. डुकराची दया येणाऱ्यानं त्या वेळी अंगणात थांबायचं नाही. कुणी मनातून हळहळला तर जनावर लवकर मरत नाही आणि मांस नासतं, असं सगळे मानतात. सुरी चालवणारा त्रांदाफिर तर याबाबत फार कडक. दर इग्नातला सुरीला धार लागली की सासरे सगळ्यांदेखत माझ्याकडे वळायचे. "दयाळू मंडळी फाटकाबाहेर. रडायचं ते रस्त्यावर." मी शाल ओढून बाहेर जायचे. मागे हशा.

मागच्या वसंतात सासूबाई, साफ्ता, गेल्या. सोरिन इटलीत ट्रक चालवतो, नाताळालाच येतो. घरात आम्ही दोघंच, आणि मागच्या खोपटात नवीन आणलेलं डुकराचं पिल्लू.

"आता त्याचं खाणं तू बघ," सासरे म्हणाले.

"मी खात नाही, तर पोसणारही नाही."

तेव्हा त्यात डाव नव्हता, नुसता हट्ट होता. झक मारत ते स्वतः बादली घेऊन जायला लागले. आधी शिव्या घालत जायचे. मग शिव्या थांबल्या. मग बादली रिकामी झाली तरी परत येईनात.

एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला मागे गेले, तर कुंपणाशी त्यांचा आवाज.

"गुडघा फार ठणकतोय बघ आज. साफ्ता असती तर चोळून दिला असता. तू काय चोळणार, आं? खा. सफरचंद आहे, खा."

कानामागे खाजवत होते त्याला. ते डोळे मिटून उभं होतं. मी कपडे तसेच दोरीवर ठेवून मागे फिरले. मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. म्हातारा स्वतःच्या पायांनी चालत माझ्या हातात आला होता.

मी त्यांना सांगू शकले असते, की बाबा, हे विकून टाका आणि इग्नातला दुसरं आणा. नाही सांगितलं. उलट सफरचंदाच्या साली, भोपळ्याच्या फोडी रोज त्यांच्या हाताशी ठेवत गेले. "थंडी वाढलीय, बाबा, त्याला आणखी पेंढा घाला," असंही म्हणाले. ते माझ्याकडे संशयानं बघायचे आणि पेंढा घालायचे.

इग्नात उजाडला. सोरिन आला होता, शेजारी आले होते, तव्याखाली लाकडं रचली होती. यंदा सासऱ्यांनी आपलं वाक्य म्हटलं नाही. मग मीच मोठ्यानं म्हणाले, "त्रांदाफिरकाका, मी निघाले हो फाटकाबाहेर. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका."

"शहाणी आहेस," तो म्हणाला.

मी रस्त्यावरून फळ्यांच्या फटीतून बघत उभी राहिले. चौघांनी डुक्कर बाहेर काढलं, पाडायला गेले, तर ते निसटलं आणि धावत जाऊन सासऱ्यांच्या बुटांवर तोंड घासायला लागलं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं, पुन्हा तिथेच. कुणीतरी हसलं. त्रांदाफिर हसला नाही. त्यानं सुरी ओंडक्यावर ठेवली.

"कुणाला तरी दया येतेय इथं."

सगळे फाटकाकडे वळले. मी बाहेरून हात वर करून दाखवला. मी बाहेरच होते.

मग सगळे सासऱ्यांकडे वळले. त्यांचा चेहरा पार उतरला होता, आणि एक हात अजून डुकराच्या कानामागे होता.

"पांतेलिमोन," त्रांदाफिर म्हणाला, "तू बाहेर जा."

"माझ्या अंगणातून मला काढतोस?"

"मांस नासेल, बाबा. जा ना," सोरिन म्हणाला. या वेळीही तो मान खाली घालून हसत होता.

ते आले. टोपी हातात घेऊन फाटकातून बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. आत एकच किंकाळी झाली, छोटी. त्यांचे खांदे हलले. मलाही डुकराची दया आली. त्यांची नाही आली.

"रडायचं ते रस्त्यावर, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं. टोपी कानांवर ओढून घेतली.

दुपारी सगळे टेबलाशी बसले. पाद्रीबाबांनी पहिला तुकडा उचलला. सासऱ्यांसमोर वाढलेलं मांस तसंच निवत होतं, आणि लोक एकमेकांना कोपरानं खुणावत होते. मी स्वयंपाकघरातून वाडगा आणला. लसूण घालून घोटलेला घेवडा, वर लालसर तळलेला कांदा. त्यांचं ताट उचललं आणि वाडगा पुढे ठेवला.

"घ्या, बाबा. तेलातलाच आहे."

खरंच तेलातला होता. पांतेलिमोननी माझ्याकडे बघितलं, मग वाडग्याकडे. चमचा बुडवला, तोंडाजवळ नेला आणि थांबले.

मग त्यांनी वास घेऊन बघितला. तेव्हापासून माझ्या हातचा प्रत्येक घास ते वास घेऊनच खातात.