आईंचं काय?

भाईंदर पश्चिमेला, एका मिठाईच्या दुकानावर इशिता मॅडमचं ऑफिस होतं. तिथे चौघं एका टेबलाशी बसायची: मृणालिनी आणि तिच्या वकील इशिता मॅडम, समोर तिचा नवरा साईराज आणि त्याचे वकील ईश्वर सर. पहिल्याच बैठकीत चौघांनी सह्या केल्या होत्या. भांडण कोर्टात न्यायचं नाही, जे काही ते इथेच बोलून मिटवायचं. सगळं ठरलं की ठाण्याच्या कोर्टात फक्त दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज. आणि मध्येच कुणी केस टाकली, तर दोन्ही वकील बाजूला होणार. मग नवे वकील शोधा आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

मृणालिनीला हे पटलं होतं. मावसबहिणीची केस कोर्टात कशी सडली ते तिने पाहिलं होतं. इथे कुणी आवाज चढवत नव्हतं. फ्लॅट, दागिने, गावच्या देव्हाऱ्यातली चांदी, एकेक सुटत गेलं.

मग साईराज म्हणाला, "आईचं काय?"

त्याच्या आईला, दुर्गाबाईंना, अर्धांगवायू झाला होता. साईराज काशीगावला वेगळा राहायला गेला, तरी आई सुनेकडेच राहिल्या. त्यांना उठवणं, पुसणं, कूस बदलून देणं, ऑफिस सांभाळून सगळं तीच करत होती.

"तुझ्याशिवाय ती नाही राहणार. थोडे महिने ठेव. मी बाई लावतो."

मृणालिनीने इशिता मॅडमकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्हीच बोला. मी शेजारी आहे."

कोर्टात हे वकिलाने बोलून टाकलं असतं आणि ती मान खाली घालून उभी राहिली असती.

"मी नाही ठेवणार," ती म्हणाली.

"अगं, तिने तुला मुलीसारखं..."

"माझं मूल पोटातच गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हिला एवढंही जमलं नाही. तू तिथेच उभा होतास, साई. तरी मी केलं. आता माझ्यात काही उरलं नाहीये."

"मग कोर्टातच बघू."

"तर मग आम्ही दोघं आत्ताच उठतो," ईश्वर सर म्हणाले. "नीट विचार करून बोला."

साईराजने समोरचे कागद उगाच सारखे केले. शेवटी म्हणाला, "नेतो."

ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा दुर्गाबाईंनी चांगल्या हाताने तिची ओढणी धरून ठेवली. मृणालिनीने त्यांचं एकेक बोट सोडवलं.

महिनाभरात कळलं, साईराजने त्यांना तारोडीच्या एका वृद्धाश्रमात ठेवलंय. तिने भडकून इशिता मॅडमना फोन लावला.

"आईची जबाबदारी मुलाची, एवढंच आपण लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात तर परत बैठक बोलावते. पण तो विचारेल, तू ठेवतेस का?"

मृणालिनीने "बघते" म्हणून फोन ठेवला.

रविवारी ती तारोडीला गेली. दुर्गाबाई वाळून गेल्या होत्या, पाठीला जखम झाली होती. तिला पाहून त्यांचं वाकडं तोंड थरथरलं. "घरी," त्या म्हणाल्या.

जेवणाचं ताट आलेलं होतं. मृणालिनीने वरणभात मऊ कालवला.

"उद्या नेते हं, आई," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

दुर्गाबाईंनी मान हलवली आणि घासासाठी तोंड उघडलं.