शेवटची कुस्ती लावताना

डॉक्टर जिनेंद्र मगदूमांनी एका हातात एका पैलवानाचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात दुसऱ्याचं, आणि दोन्ही हात एकमेकांत देणार तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. उजवीकडच्या गड्याचा गुडघा. त्यावरचे टाके त्यांनीच घातलेले.

मान वर केली तर वीरधवल. चार महिन्यांपूर्वी सांगलीत त्यांच्याच टेबलावर झोपला होता. आता डोकं तासलेलं, अंगभर लाल माती, त्यामुळं जवळ येईपर्यंत ओळखूच आला नव्हता. आणि पोरगं आपलं आभाळाकडं बघतंय, कधी भेटच झाली नाही असं.

रहिमतपूरच्या बाजूचं गाव, जत्रेचं मैदान, मानाची शेवटची कुस्ती. डॉक्टर नुकतेच राज्याच्या क्रीडावैद्यक संघटनेचे अध्यक्ष झालेले, म्हणून ती लावायचा मान यंदा त्यांना. हात जुळवून दिले की पाहुण्याचं काम संपलं, पुढं पंच आणि माती. हलगी तर अशी कडकडत होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

"वर्षभर मातीत उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" डॉक्टर त्याच्याकडं झुकून म्हणाले.

"गाव माझं हाय, डॉक्टर. पोस्टरवर फोटू लागलाय. आता फिरलो तर तोंड कुठं दाखवू?"

"गुडघ्यात बसवलेली नवी शीर हाडात मुरायला वर्ष लागतं. त्याआधी एकदा पाय पिळवटला की तुटली. मग चालशील, पण कुस्ती कायमची बंद."

"ठाव हाय." आवाज एकदम बारीक झाला. "तुमी लावा."

समोरचा शिवतेज, माण तालुक्याचा, फौजेतला गडी. त्याला यातलं काहीच माहीत नाही, तो नुसता पाय बदलत उभा. तेवढ्यात हलगी थांबली आणि माईकवरच्या निवेदकानं सुरू केलं, की मंडळी, हाच तो गुडघा, आणि हेच ते डॉक्टर, ज्यांनी तो लोखंडाचा केला. मग काय, शिट्ट्याच शिट्ट्या.

डॉक्टरांनी अडवलं म्हटलं तर गाव काय म्हणणार, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पैलवान भ्याला आणि पाहुण्याला डोळा मारला. हे त्या पोराला जन्मभर पुरलं असतं.

शिवतेजचा हात त्यांनी सोडला. पांढऱ्या पँटीनिशी मातीत बसले, वीरधवलला गुडघा जरा वाकवायला लावला आणि नडगी धरून हलकेच पुढं ओढून पाहिली. शीर जागची हलली नाही. इतकी झकास बसली होती की त्यांचा अंगठा क्षणभर तिथंच राहिला.

मग उठले, परत पोराचं मनगट धरलं आणि माईक मागून घेतला.

"ही कुस्ती होणार नाही. यात पोराचा काही दोष नाही. ऑपरेशन मी केलं, आणि ते माझ्याकडनं चुकलंय. आत्ता हात लावल्यावर कळलं. त्याला बिचाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं."

वीरधवलनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी मनगट दाबलं, तसं ते मिटलं.

त्याचे वस्ताद नाथाजी टॉवेल घेऊन आत आले. पोराच्या खांद्यावर तो टाकला आणि डॉक्टरांकडं खालवर बघितलं.

"पोराचं वरीस खाल्लंसा की ओ."

"व्हय," डॉक्टर म्हणाले. "खाल्लं."

मैदानाच्या कडेला ते बूट घालत होते, तर मागं दोघं जण बोलताना ऐकू आले. त्यातल्या एकाची पोरगी कबड्डी खेळायची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी याच डॉक्टरांकडं ठरलेलं. आता सांगलीत दुसरं कोण बरं हाय, असं तो विचारत होता. दुसऱ्यानं एक नाव सांगितलं.

डॉक्टरांनी बुटाची नाडी बांधली आणि मागं वळले.

"त्यांच्याकडंच न्या," ते म्हणाले. "हात चांगलाय त्यांचा."