फाटक नसलेलं कुंपण

राष्ट्राच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की सामान्य माणसं उठून उभी राहतात आणि इतिहास बदलतो. आमच्या गावातली माणसं उठून उभी राहिली, कारण ओढा बचाव समितीच्या सभेत खुर्च्या कमी पडल्या. काम मात्र समितीनं मन लावून केलं. गाळ उपसला, काठावरचे कचऱ्याचे ढीग हलवले, ढासळत्या उतारावर गवत लावलं. आणि एका सकाळी दगडांमधून पाणी गेल्याचा आवाज पुलावर ऐकू आला, अगदी मी शाळेत जाताना यायचा तसा. पुलावर आम्ही चारपाच म्हातारे होतो. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग ओढ्याच्या रक्षणासाठी दोन्ही काठांना कुंपण घालायचं ठरलं. फाटकाची किल्ली कुणाकडे राहावी, यावर सभांमागून सभा झाल्या, दोन सख्खे व्याही एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला : फाटकच नको. वेल्डरनं आतल्या बाजूनं काम केलं आणि शेवटचा जोड मारल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण आतच आहोत. त्याला शिडी लावून बाहेर काढलं.

पंचाईत झाली ती माझ्या थोरल्या बहिणीची. आक्का सोमवारी कायमची लेकाकडे राहायला निघाली होती. भांडी वाटून झाली होती, कपाट गेलं होतं. जाण्याआधी तिला एकच हवं होतं : धुण्याच्या दगडावर बसून पाण्यात पाय सोडायचे.

आम्ही अध्यक्षांच्या सायकलच्या दुकानात गेलो. ते पंक्चर शोधत होते.

"आक्का, तुमच्यासाठी जीव देईन," ते म्हणाले, "पण कुंपण तोडणार नाही. आज तुम्ही पाय बुडवाल, उद्या कुणी म्हैस आणेल."

"म्हैस परवडली. ती अध्यक्ष तरी होत नाही," आक्का म्हणाली. "आणि तुला पोहायला कुणी शिकवलं रे? पाठीला रिकामा डबा बांधून? असं भोकाड पसरायचास, की धुणं टाकून बायका धावायच्या."

दुकानातल्या गिऱ्हाइकांना अचानक कसलीच घाई राहिली नाही.

"तो डबा गळका होता," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"म्हणून तर शिकलास."

अध्यक्षांनी ट्यूब बादलीत बुडवली. बुडबुडे निघाले, तरी ते भोक सोडून पाण्याकडेच बघत बसले.

"घरी मार बसू नये म्हणून तुम्ही आमच्या चड्ड्या त्याच दगडावर वाळवून द्यायच्या," ते म्हणाले. मग रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "अरे, वेल्डरला बोलवा!"

रविवारी सगळी समिती जमली. आक्का जाईल एवढंच कुंपण कापलं गेलं. मी तिला हात धरून उतरवलं. दगड तसाच होता, मधे झिजून खोलगट झालेला. चपला बाजूला काढून ती बसली, पाय सोडले, डोळे मिटले.

"किती गार आहे रे!" एवढंच म्हणाली. तिचा आवाज मला फार लांबून, दोन वेण्यांच्या वयातून आल्यासारखा वाटला.

गर्दी दिसली की अध्यक्षांना राहवत नाही. "बंधूंनो," त्यांनी सुरुवात केली, "आज या पावलांनी आपल्या ओढ्याला पुन्हा..." आणि पुढचं सोडून ते बाहीनं डोळे पुसू लागले. वेल्डरनं चष्मा काढून पुसला. मीही रुमाल शोधू लागलो.

आक्कानं हात वर केला. सगळे तिच्याकडे वळले.

"भाषण मग कर," ती म्हणाली. "माझी एक चप्पल वाहत चाललीय, तेवढी पकड."