अंगठीची टकटक

मित्रांनो, मी एक म्हातारी सापीण आहे. माझं नाक डुकरासारखं वर वळलेलं आहे, म्हणून आमच्या जातीला हॉगनोज म्हणतात. डेलबर्टने माझं नाव पिकल ठेवलं. नाव हसण्यासारखं आहे, पण मला ते आवडतं.

नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत डेलबर्ट पवनचक्क्या दुरुस्त करतो. मी पेन्सिलीएवढी असताना त्याने मला घरी आणलं. काचेची पेटी, अंगाखाली भुसा, वर दिव्याची ऊब. मला आणखी काय हवं होतं? भीती वाटली की मी मान फुगवते, फुसफुसते आणि तरीही समोरचा हटला नाही तर जीभ बाहेर टाकून उताणी पडते. माझ्या या खोट्या मरणावर पाहुणे बेहद्द खूश असत. डेलबर्ट सगळ्यांना सांगे, "ही नुसती नाटकी आहे. चावायचं हिला ठाऊकच नाही!"

मित्रांनो, ते खरं नव्हतं. माझ्या जबड्यात मागच्या बाजूला दोन लांब दात आहेत आणि तोंडात थोडं विषही आहे. त्याने माणूस मरत नाही, पण मी जितकं चघळेन तितकं ते जखमेत उतरतं.

एका रविवारी डेलबर्टचा मेहुणा वेंडेल जेवायला आला होता. टेबलावर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल मांडले होते. डेलबर्टने माझा गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात मऊ केला, बोटांनीच पुसून बाजूला ठेवला आणि आधी पाण्याची वाटी बदलावी म्हणून तोच हात पेटीत घातला. माझी नजर बेताची, पण नाक तिखट. उंदराचा वास आला आणि मी अंगठ्याजवळचा मऊ भाग घट्ट धरला.

"अरे, सोडव तिला!" त्याची बायको लोरीन ओरडली.

"अगं, नुसत्या गुदगुल्या होतायत," डेलबर्ट हात उंच धरून म्हणाला. "वेंडेल, बघ. तुझी कोंबडी याहून जोरात टोचते."

"माझी कोंबडी टोचते नि पळते. ही तर जेवायलाच बसलीय, दाजी!"

साप पाळणाऱ्यांची ही खोडच आहे. आपला साप गरीब आहे हे दाखवायला ते चावासुद्धा मिरवतात. मी चघळत राहिले आणि शेवटी कंटाळून मीच सोडलं.

रोल संपेपर्यंत हात टम्म सुजला. मग फोड आले, सूज कोपराकडे चढली आणि लग्नाची अंगठी बोटात रुतली. दवाखान्यात ती कापावी लागली.

घरी येताच लोरीन माझ्यासमोर उभी राहिली. "डेल, हिला कुणाला तरी देऊन टाक. उद्याच!"

मी जीभ बाहेर टाकून उताणी पडले. या वेळी कुणी हसलं नाही.

"तिची काय चूक?" डेलबर्ट हळूच म्हणाला. "वास माझ्या हाताला होता, फुशारकीही माझीच. लगेच सोडवून हात धुतला असता, अंगठी काढली असती..."

"तर तू डेलबर्ट नसतास," लोरीन म्हणाली. पण नंतर देण्याबिण्याची भाषा तिने काढली नाही.

त्याचा हात बरा होईपर्यंत मला भरवायचं काम तिच्यावर आलं. तिने लांब चिमटा आणला आणि कापलेली अंगठी चिमट्याच्या मुठीला तारेने बांधली. चिमटा पेटीशी आणला की अंगठी काचेवर टकटक आपटते. ती थरथर मला अंगभर कळते. आता जेवण येणार! टकटक न होता आत येतो तो हात, साबणाच्या वासाचा. त्याला मी कशाला चावू?

मित्रांनो, आम्हांला खुशाल जीव लावा, पण आमचे दात विसरू नका. परवा वेंडेल पुन्हा आला. डेलबर्ट त्याला म्हणाला, "लांबूनच बघ हं. आमची पिकल चावते."

इतक्या वर्षांत त्याने माझी पहिल्यांदाच खरी ओळख करून दिली. मी मानसुद्धा फुगवली नाही.