एन्ड्रेसच्या हातचे नमुने

सकाळपासून वाल्बुर्गाच्या डोक्याचं भजं झालं होतं. सोनारांच्या पंचांपुढे तिच्या कारखान्यातल्या कारागिराचा, सेबाल्डचा, चांदीचा पेला ठेवला होता आणि ते तो उलटासुलटा करून बघत होते, बघतच होते. न्युरेनबर्गात सोनाराला उस्ताद व्हायचं तर आकेलाय नावाच्या घंटेसारख्या फुलाच्या घाटाचा पेला घडवून दाखवावा लागतो. संधी तीनच. सेबाल्ड दोनदा आपटला होता. आज पुन्हा आपटला की वाल्बुर्गाच्या कारखान्याला कुलूप! नवरा एन्ड्रेस जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि घरात उस्ताद नसेल तर विधवेला याहून जास्त दिवस भट्टी पेटवू देत नाहीत. मग ती स्वतः वीस वर्षं कोरणी धरून बसलेली का असेना.

"घडण झकास आहे," थोरले पंच लिनहार्ट म्हणाले. "पण ही वेलबुट्टी तुझ्या डोक्यातली नव्हे, सेबाल्ड. कुणाची उचललीस?"

सेबाल्ड लागला चाचरायला. "ती... मालकीणबाईंनी..."

दहादा पढवलं होतं या बैलाला!

"मी कपाटातून काढून दिली," वाल्बुर्गाने त्याला मध्येच तोडलं. "आमच्या ह्यांच्या कागदांतून."

आपल्या उस्तादाचा नमुना वापरायला मुभा होती. दुसऱ्या कुणाचा वापरला तर नापास. मालकीणही त्या दुसऱ्यांतच जमा.

खरं तर एन्ड्रेसला धड कोबीचं पान काढता येत नव्हतं. माणूस भला, हातोडी छान चालवायचा, पण चित्र म्हटलं की, "वाल्बुर्गा, एवढं बघ गं." एवढं एवढं करत सगळे नमुने तिनेच काढले होते.

"शपथेवर सांगा, बाई. एन्ड्रेसच्याच हातचं?"

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी तिने हात वर केला. "हो. त्यांच्याच."

लिनहार्टांचे डोळे पाणावले. "वाटलंच मला! असा हात पुन्हा होणे नाही. तुम्हा बायकांना काय कळणार म्हणा, घरात केवढा माणूस नांदत होता!"

'तो हात तुमच्या नाकासमोर आहे, मेल्यांनो!' अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. सेबाल्ड पास झाला, कारखाना वाचला, आणि तिला आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

ती दाराशी पोचते न पोचते तोच लिनहार्टांनी गाठलं. "बाई, नगरसभेला एक मोठं तबक घडवून हवंय. काठाला द्राक्षवेल, मध्ये करकोचा. एन्ड्रेसच्या कागदांत असं काही सापडेल का हो?"

वाल्बुर्गाने क्षणभर डोळे मिटून घेतले.

"सापडेल," ती म्हणाली. "आठवडा द्या मला. आणि करकोच्याची मान डावीकडे हवी की उजवीकडे, तेही आत्ताच सांगून ठेवा."